गरम फरशीचं नवल

रविवारी घड्याळजीचं दुकान बंद असतं. म्हणजे शटर अर्धं खाली ओढलेलं असतं आणि आत चार माणसं चहा पीत बसलेली असतात. त्यांतला एक खुद्द घड्याळजी. उरलेल्या तिघांपैकी कुणीही घड्याळ दुरुस्त करून घ्यायला आलेला नसतो. ते नवल सांगायला आलेले असतात.

नवल म्हणजे काय हे आधी सांगायला हवं, कारण या चौघांनी त्यावर बराच खल केलेला होता. नवल म्हणजे आठवड्याभरात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली, रोजच्या जगण्यातली, पण आजवर कुणाच्या ध्यानात न आलेली गोष्ट. पेपरात वाचलेलं चालत नाही. मोबाइलवर आलेलं तर मुळीच नाही. औषधाच्या दुकानाचा मालक, ज्याला सगळे औषधवाला म्हणत, त्यानं एकदा समुद्राच्या तळाशी चमकणाऱ्या माशाचं नवल आणलं होतं. तेव्हा घड्याळजीनं "तू गेला होतास का तळाशी?" एवढंच विचारून त्याला गप्प केलं होतं. नातेवाइकांविषयीचं नवलही बाद, कारण त्याला परवानगी दिली असती तर दुसरं काही बोलणंच झालं नसतं.

पसंतीची रीतही ठरून गेली होती. टाळ्या नाहीत, वाहवा नाही. नवल बेताचं असेल तर ऐकणारे चहा पीत राहत. बरं असेल तर कप ओठांपाशी अडे. आणि नवल अस्सल असेल तर ऐकणारा कप खाली ठेवी. तिघांनीही कप खाली ठेवले की त्यापुढे काही मागायचं उरत नसे. औषधवाल्यानं माशाचा कलंक पुढच्याच महिन्यात धुऊन काढला होता. खोकल्याचं औषध घ्यायला आलेला माणूस दुकानात कधीच खोकत नाही, त्याच्या मागे उभा असलेला खोकतो, असं तो म्हणाला आणि तिन्ही कप खाली गेले. भूगोलाच्या मास्तरांच्या नवलांनाही कप दोनदा खाली गेले होते. घड्याळजीच्या नवलांना किती वेळा गेले ते तो मोजत नसे, आणि मोजत नाही हे तो वारंवार सांगत असे.

राहता राहिले मापारी. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापांच्या कचेरीत निरीक्षक होते, दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडत, म्हणून मित्रांनी ठेवलेलं हे नाव. दुकानदार त्यांना पाहिल्यावर उभे राहत. पण इतक्या वर्षांत मापारींच्या नवलासाठी एकाही माणसानं कप खाली ठेवलेला नव्हता. एकदा मास्तरांनी ठेवला होता, पण तो त्यात माशी पडली म्हणून.

याचं मापारींना फार वाईट वाटे. ते तसं बोलून दाखवत नसत, कारण पन्नाशीच्या माणसानं कपासाठी झुरावं हे बरं दिसत नाही. पण झुरत होते हे खरं.

दोष त्यांच्या नजरेचा नव्हता. दोष असा, की त्यांना नवल दिसलं की ते न राहवून घरी बोलून जात, आणि त्यांची बायको त्याचा एका वाक्यात निकाल लावी. ती पोस्टात काउंटरवर बसे. लोकांचे लांबलचक प्रश्न आणि आपली आखूड उत्तरं यांची तिला सवय होती. मापारींना एकदा आढळलं, की जिन्याची तिसरी पायरी चढतानाच कुरकुरते, उतरताना नाही. बायको म्हणाली, "उतरताना तुम्ही ती पायरी गाळता." दुसऱ्या वेळी त्यांच्या लक्षात आलं, की ते दाढीला बसले की खिडकीत नेमका कावळा येतो. बायको म्हणाली, "त्याच वेळेला मी तिथं उष्टं टाकते." कारण कळलेलं नवल रविवारी नेणं म्हणजे उकललेलं कोडं घालणं. मापारींच्या किती नवलांची अशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हत्या झाली होती, त्याची गणती नाही.

आणि मग एके दिवशी त्यांची एक चप्पल सापडेना.

सकाळची वेळ होती. बायको नेहमीसारखी कामावर निघून गेलेली होती. मापारींना अंघोळीला फार वेळ लागतो, त्यामुळे ती कधी जाते ते त्यांना कळत नसे. ते बाहेर येत तेव्हा दाराच्या कडीला त्यांचा कडक शर्ट टांगलेला असे, टेबलावर डबा असे आणि घर सामसूम असे. शर्ट तिथं कसा येतो, याचं त्यांना कधी नवल वाटलं नव्हतं. तर त्या दिवशी एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी, असे ते पॅसेजमधून निघाले आणि मध्येच थबकले. पायाखालची फरशी गरम होती.

त्यांनी शेजारच्या फरशीवर पाय ठेवला. गार. पलीकडच्या? गार. पुन्हा मधलीवर ठेवला, तर चांगली कोमट, ऊबदार, एखाद्या जिवंत जनावराच्या पाठीवर ठेवावा तशी. वर दिवा नाही, खाली शेगडी नाही, खिडकी लांब, ऊन येत नाही. मापारी उकिडवे बसले आणि तळहात टेकून बराच वेळ तसेच राहिले. कचेरीत त्यांना त्या दिवशी उशीर झाला, आणि कधी नव्हे तो त्याचा पश्चात्ताप झाला नाही.

दुसऱ्या दिवशीही गरम. तिसऱ्याही. मापारींनी एक कडक निश्चय केला: काही झालं तरी हे बायकोला सांगायचं नाही.

रविवारी ते घड्याळजीकडे सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. इतरांची नवलं होऊन जाऊ दिली. मास्तर म्हणाले, की वर्गात सर्वांत बुटक्या पोरालाच खडू कुठे ठेवलाय ते ठाऊक असतं. तिघं चहा पीत राहिले. मग मापारींनी घसा साफ केला.

"माझ्या घरात," ते म्हणाले, "एक फरशी गरम असते."

घड्याळजीचा कप ओठांपाशी थांबला. औषधवाल्याचा कप तर खाली यायला निघाला आणि वाटेत अधांतरी राहिला. "एकच?" त्यानं विचारलं.

"एकच. आजूबाजूच्या गार."

"रोज?"

"रोज सकाळी. नंतर निवते."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कप आता टेकणार, असं मापारींना वाटलं. पण मास्तर शिक्षक पडले. ते म्हणाले, "चला, बघूनच येऊ." तिघांनी घाईघाईत चहा संपवला आणि मग कप खाली ठेवले. रिकामा कप खाली ठेवला तर तो धरत नाहीत.

बायको बाजारात गेली होती, ते बरंच झालं. मापारी तिघांच्या पुढे होऊन पॅसेजमध्ये गेले आणि त्यांनी फरशीकडे असं बोट केलं की जणू ती त्यांनीच घातली होती. घड्याळजीनं चप्पल काढून पाय ठेवला. मग औषधवाल्यानं. मग मास्तरांनी गुडघे टेकून हाताची मागची बाजू लावली, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी.

"गार आहे," मास्तर म्हणाले.

मापारींनी पाय लावला. गार ठणठणीत.

त्या क्षणी मापारींच्या तोंडाचं पाणी पळालं. दुकानदारांच्या मापांत खोट काढणारा माणूस, आणि त्याच्याच घरी मापात खोट निघावी. "काल होती हो गरम," ते म्हणाले. हे वाक्य घड्याळजीनं दुकानात फार वेळा ऐकलेलं होतं. "कालपर्यंत चालत होतं," असं म्हणत प्रत्येक बंद घड्याळ येतं. तो नुसता हसला. मित्र निघून गेले. औषधवाल्यानं जाता जाता "रात्री झोप नीट लागते ना?" असं विचारलं, ते मापारींच्या फार जिव्हारी लागलं.

सोमवारी फरशी पुन्हा गरम.

मापारी ओल्या अंगानं, टॉवेल गुंडाळून तिच्यावर उभे राहिले आणि मास्तरांना फोन लावला. मास्तर विचार करून म्हणाले, "म्हणजे रविवारी बंद असते. रविवारी बंद, म्हणजे सरकारी काहीतरी आहे." हा विचार मापारींना एकदम पटला. ते स्वतः सरकारी होते आणि रविवारी बंद असत.

मंगळवारी तिघंही आपापल्या कामाला थोडी दांडी मारून हजर झाले. बायको बाहेर पडली की मापारींनी खिडकीतून रुमाल हलवायचा, असं ठरलं होतं. रुमाल हलला. फरशी गरम होती. तिघंही जमिनीवर ओणवे झाले. मास्तरांनी खिशातून खडू काढला आणि बोटाच्या टोकानं चाचपत जिथपर्यंत ऊब लागते तिथपर्यंत रेघ ओढत गेले. रेघ पुरी झाली तेव्हा चौघं मागे सरून पाहू लागले. आकृती एका बाजूला सपाट होती, दोन्ही कडांनी फुगत गेलेली आणि दुसऱ्या बाजूला टोकदार.

"होडी," औषधवाला म्हणाला.

"टोक उत्तरेला आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांचा आवाज बदलला. "खालून काहीतरी उत्तरेकडे जातंय."

घड्याळजी आकृतीकडे बघतच राहिला. मित्रांचे असे चेहरे मापारींनी याआधी पाहिले नव्हते. त्यांनी मोठ्या आशेनं त्यांच्या हातांकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की चहाच केलेला नाही. कपच नव्हते, तर खाली काय ठेवणार? आयुष्यातलं एकमेव अस्सल नवल मापारींनी कोरडं वाढलं होतं.

ही चूक दुरुस्त करायला पुढचा रविवार होताच, पण तोवर गोष्ट हाताबाहेर गेली. दार उघडं राहिलं होतं, आणि समोरच्या काकूंनी तीन सभ्य गृहस्थ मापारींच्या पॅसेजमध्ये गुडघ्यांवर बसलेले पाहिले. काकूंना पाय लावून बघायला दिलं नसतं तर त्यांनी मनानंच काही ठरवलं असतं, म्हणून पाय लावायला दिला. दुपारपर्यंत इमारतीतल्या सगळ्यांचे पाय लागून गेले, आणि फरशी केव्हाच निवलेली असूनही ज्यानं त्यानं गरम असल्याचं सांगितलं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. काकूंचं मत, जमिनीत काहीतरी आहे आणि ते असू द्यावं. हे त्या दुसऱ्या मजल्यावर उभ्या राहून बोलत होत्या, त्यामुळे जमिनीत म्हणजे बरोबर खाली राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांच्या छतात. डॉक्टरांना ते लागलं. ते शिडी लावून आपलं छत चाचपून आले आणि म्हणाले, "माझं छत गार आहे. तुमच्याकडूनच काही गळत असेल." एक शहाणा म्हणाला, तिथं पलंग टाका, थंडीत उपयोगी पडेल. इमारतीचे सेक्रेटरी मात्र गंभीर झाले. सेक्रेटरींना गंभीर व्हायला कारण मिळालं की ते सोडत नसत.

मापारी प्रत्येकाला एकच विनवणी करत. "आमच्या घरी कळू देऊ नका. उगाच घाबरायची ती." घाबरण्याचा प्रश्न नव्हता. ती एक वाक्य बोलेल, हीच भीती होती. खडूची रेघ त्यांनी ओल्या फडक्यानं पुसून टाकली. घरातली फरशी पुसण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

संध्याकाळी बायको म्हणाली, "पॅसेजमध्ये तेवढ्याच तुकड्यावर कुणी पुसलंय?"

"सांडलं होतं," मापारी म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाली, "समोरच्या काकूंनी आज जिन्यात माझा हात हातात घेतला. डॉक्टर बाजूला होऊन मला वाट देतात. माझ्याबद्दल काही ऐकलंत का तुम्ही? माझे कुठले रिपोर्ट आलेत का?"

"छे छे. लोक चांगले आहेत, एवढंच."

"इतके दिवस नव्हते," ती म्हणाली आणि आत गेली.

इकडे मास्तरांनी होडीची आकृती कागदावर उतरवून घेतली होती. ती घेऊन सेक्रेटरी आणि मापारी वीज कचेरीत गेले. तिथल्या साहेबानं कागद उलटसुलट करून पाहिला. "होडी दिसतेय. हे पाण्याचं काम. पाणीवाल्यांकडे जा." पाण्याच्या कचेरीत खिडकीमागचा माणूस म्हणाला, "गरम आहे ना? मग आमचं नाही. आमच्याकडून गार पाणी पोचत नाही तुमच्या मजल्यावर, गरम कुठून पोचेल?" मापारी उभी हयात सरकारी खुर्चीत बसलेले होते. पण त्या खुर्चीसमोर उभं राहिलं की काय वाटतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं. हेसुद्धा एक नवलच होतं, पण ते रविवारी सांगण्यासारखं नव्हतं.

शेवटी वीजवाला साहेब एकदाचा कबूल झाला. तो म्हणाला, "परीक्षा घेऊ. सकाळभर पूर्ण इमारतीची वीज बंद करतो. फरशी तरीही तापली तर आमचा दोष नाही. गार राहिली तर बघू."

परीक्षेच्या सकाळी मापारी अंघोळीला गेले तेव्हा पलीकडे बायको अंधारात काहीतरी पुटपुटत होती. "नेमकी आजच मेली वीज जायची होती," एवढं त्यांच्या कानी आलं. ते बाहेर आले. कडीला शर्ट होता, पण पार चुरगळलेला. मापारींना त्याचं भानही नव्हतं. जिन्यातून साहेब, सेक्रेटरी आणि तिघं मित्र वर आले. सगळ्यांनी पाय लावला.

गार.

"सिद्ध झालं," मास्तर हळूच म्हणाले. साहेबाचा चेहरा उतरला. वीज बंद तर फरशी गार, वीज चालू तर गरम. याहून सरळ पुरावा कोणता? फरशीखाली वीज झिरपते आहे. साहेबानं कपाळाचा घाम पुसला आणि सांगितलं, की आता फरशी फोडून तार सापडेपर्यंत इमारतीला वीज देता येणार नाही. धोका आहे.

इथून मापारींच्या भाग्याचे वासे फिरले. लिफ्ट बंद. पंप बंद. फ्रिजमधलं दूध नासलं. डॉक्टरांच्या खुर्चीत एक माणूस अर्ध्या दातावर आ वासून बसला होता, त्याला तसाच घरी पाठवावा लागला. परवापर्यंत जे पाय लावायला रांगेनं आले होते, तेच आता जिन्यात मापारींना पाहून तोंड फिरवू लागले. "यांना कुणी सांगितलं होतं अनवाणी हिंडायला?" असं काकू मोठ्यानं म्हणाल्या. फोडाफोडी उद्या सकाळी ठरली. मापारींना आता फरशीही नको झाली होती आणि नवलही. पण एक गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. उद्या तिघंही येणार, आणि या वेळेला चहा असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको लवकरच निघाली. तिच्या एका हातात कपड्यांचं बोचकं होतं आणि दुसऱ्या हातात जड पिशवी. "समोरच्या इमारतीत मैत्रिणीकडे जाऊन येते," ती दारातून म्हणाली. "तिच्याकडे वीज आहे. कालच्यासारखी काउंटरवर बसले ना, तर लोक पत्र टाकायच्या आधी विचारतात, बाई, बरं नाही का?" मापारी हो म्हणाले. ते त्या वेळी पातेल्यात चहाचं पाणी मोजून टाकत होते आणि त्यांचं मन मापात होतं.

थोड्याच वेळात पॅसेज भरून गेला. छिन्नी आणि हातोडा घेतलेला गवंडी, साहेब, सेक्रेटरी, आपलं छत पडेल या काळजीनं वर आलेले डॉक्टर, दाराशी काकू. गवंड्याला कुठे फोडायचं ते कळावं म्हणून मास्तरांनी कागद समोर धरून होडी पुन्हा खडूनं काढून दिली. मापारींनी घड्याळजी, मास्तर आणि औषधवाला यांच्या हातात काठोकाठ भरलेले कप दिले. स्वतःही एक घेतला. बाकी कुणाला दिला नाही. बाकीच्यांच्या कपांना मोल नव्हतं.

गवंड्यानं छिन्नी लावली. "मारू का?"

"अहो, जरा सरका बघू," मागून आवाज आला. "हात भाजतोय माझा."

लोक सरकले. मापारींची बायको कडक परीटघडीच्या कपड्यांत आत आली. खांद्यावर घडी केलेला मापारींचा शर्ट, हातात इस्त्री. तिनं गवंड्याला कोपरानं बाजूला केलं, वाकली, आणि रोजच्या सवयीनं, खाली न पाहता, इस्त्री फरशीवर पालथी टेकवली.

इस्त्री खडूच्या रेघेत बसली. टोकाला टोक, कडेला कड, मागची सपाट बाजू सपाट रेघेला. मापारींनी जन्मभर मापं तपासली होती. यात त्यांना सूतभरही खोट काढता आली नाही.

पॅसेजमध्ये जमलेल्या सगळ्या पुरुषांच्या अंगावर इस्त्रीचे शर्ट होते. वीजवाल्या साहेबाची तर विजारही कडक होती.

मग मास्तरांनी कप खाली ठेवला. औषधवाल्यानं ठेवला. घड्याळजीनं, न मोजणाऱ्या घड्याळजीनं, वाकून दोन्ही हातांनी ठेवला. तिन्ही कप भरलेले होते. मापारींनी हे पाहिलं, आणि ते कप आपल्यासाठी नाहीत हेही पाहिलं.

"एवढी माणसं कशाला जमलीत?" बायको म्हणाली. मग तिची नजर छिन्नीवर गेली, खडूवर गेली, मास्तरांच्या हातातल्या कागदावर गेली. पोस्टातली बाई ती. तिला फार वेळ लागला नाही. "मी रोज इथं इस्त्री गार करायला ठेवते. फरशी ऊब ओढून घेते, लवकर निवते. मग कपाटात टाकून निघते." ती थांबली. "रविवारी मी इस्त्री करत नाही. रविवारी माझी सुट्टी असते."

"म्हणजे फोडायचं नाही ना?" गवंड्यानं विचारलं.

"इस्त्री आमच्या अखत्यारीत येत नाही," साहेब म्हणाला आणि वीज चालू करायला निघून गेला. त्याच्यामागून सेक्रेटरी, डॉक्टर आणि काकू एकेक करत गेले. जाताना काकूंनी या वेळी मापारींचा हात हातात घेतला.

"मला विचारायचंत की," बायको म्हणाली.

"विचारलं असतं," मापारी म्हणाले, "तर तू सांगितलं असतंस."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मापारींना झालं. आणि गवंडी छिन्नी हातात घेऊन अजून तिथंच उभा होता. पण बायको चिडली नाही. तिनं त्यांच्या हातातला कप काढून घेतला, खांद्यावरचा शर्ट त्यांच्या हातात दिला आणि उभ्या उभ्या चहा पिऊन टाकला. "उद्यापासून," ती म्हणाली, "फरशी तुम्ही तापवत जा."

तिचं हे एक वाक्य मागच्या सगळ्या एका वाक्यांहून जड होतं.

त्यानंतरचे दिवस मापारींनी कसे काढले हे त्यांचे शर्टच सांगू शकतील; त्यांतला एक तर आता सांगायच्या स्थितीत राहिलेला नाही. त्यांना लवकर उठावं लागे, अंघोळ आटोपती घ्यावी लागे. तिचे कपडे, त्यांचे कपडे, मग इस्त्री फरशीवर पालथी. फरशी तापे. अनवाणी पाय ठेवून बघायला वेळ नसे.

पुढच्या रविवारी ते घड्याळजीकडे जाणारच नव्हते. पण न जाणं हेही बोलण्याचा विषय झालं असतं, म्हणून गेले. शटरखालून वाकून आत शिरले तेव्हा तिघं गप्प झाले. चहा आला. कुणीही होडीचा विषय काढला नाही, यावरून मैत्री किती जुनी होती ते दिसतं. औषधवाल्याचं नवल झालं, मास्तरांचं झालं. मग सगळ्यांनी सवयीनं मापारींकडे पाहिलं.

"माझ्याकडे काही नाही," मापारी म्हणाले. मग जरा थांबून, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "शर्टाच्या एका बाहीला इस्त्री करावी, तर तेवढ्यात दुसरी चुरगळते. दुसरी करायला घ्यावी, तर पहिली. मग शर्ट सरळ होतो कधी? मी रोज बघतोय. कडीला टांगलेला असतो तेव्हा सरळ असतो. पण तो सरळ झाला असा क्षण मला अजून सापडलेला नाही."

मास्तरांचा कप ओठांपाशी गेला होता, तो तिथून परत फिरला. घड्याळजीनं आपल्या बाहीकडे पाहिलं, एकीकडून दुसरीकडे. औषधवाला काहीतरी विचारायला निघाला आणि राहून गेला. मग एकामागून एक तिन्ही कप स्टुलावर टेकले. भरलेले.

मापारी घरी आले ते चालत आले असं म्हणवत नाही. बायकोला नवल न सांगण्याचा निश्चय त्यांनी मोडला. बायको खिडकीपाशी चहा घेऊन बसली होती, रविवार होता. मापारी तिच्यासमोर बसले आणि त्यांनी बाहीचं नवल पहिल्यापासून सांगितलं, दोन्ही हातांनी दाखवत, एकही शब्द न गाळता. मग तिन्ही कपांचंही सांगितलं. आणि थांबून तिच्या हाताकडे पाहत राहिले.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. कप हातातच होता. चहा तिनं शेवटच्या घोटापर्यंत संपवला, आणि मग रिकामा कप विसळायला त्यांच्या हातात दिला.